रात्रभराचे गाणे, अर्ध्या तासाची फीत

लग्न आटोपून नवरानवरी घरी आली की मराठवाड्यातल्या अनेक घरांत गोंधळ घालण्याची रीत आहे. रात्रीची जेवणे उरकतात, अंगणात चौक मांडला जातो, कलश बसतो, दिवटी पेटते आणि संबळावर पहिली काठी पडते. हा कार्यक्रम किती वाजता संपला असे दुसऱ्या दिवशी कोणी विचारत नाही. उजाडता संपला, एवढेच सांगतात. आता याच गोंधळाची एखादी कॅसेट आठवा. साठ मिनिटांची फीत, म्हणजे एका बाजूला तीस मिनिटे आणि दुसऱ्या बाजूला तीस मिनिटे. गण आहे, देवीचे स्तवन आहे, दोन-तीन पदे आहेत, शेवटी आरती आहे. सगळे नीटनेटके. तरीही ज्याने अंगणातला गोंधळ ऐकला आहे त्याला ती फीत ऐकताना काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते.

काय राहून जाते? नुसते तास नव्हेत. राहून जातात ती समोरची माणसे. गोंधळ्याने प्रश्न टाकल्यावर हुंकार भरणारा म्हातारा, विनोदावर तोंडाला पदर लावून हसणाऱ्या बायका, झोपलेले पोर मांडीवर घेऊन बसलेली आई, आणि नेमक्या जागी ‘वाहवा’ म्हणून खिशात हात घालणारा पाहुणा. लोकगायकाचे निम्मे गाणे या माणसांत असते. त्यांच्याशिवाय ध्वनिमुद्रित झालेले गाणे खोटे नसते, पण ते अर्धे असते. म्हणूनच मुरलेल्या लोकगायकाचा जाहीर कार्यक्रम जसाच्या तसा फितीवर उतरवणे, ज्याला आपण आता ‘लाइव्ह अल्बम’ म्हणतो, ही चैन किंवा हौस नाही. अर्धे राहिलेले गाणे पुरे करण्याचा तेवढा एकच मार्ग आहे.

तीन मिनिटांचा साचा

आपल्याकडे ध्वनिमुद्रण आले ते १९०२ साली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात फ्रेड गायसबर्ग नावाचा तंत्रज्ञ कलकत्त्याला आला आणि त्याने गौहर जानचा आवाज तबकडीवर घेतला. त्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. रागदारी गाणाऱ्यांना यामुळे आपला विस्तार आवरावा लागला, हे पुष्कळदा लिहिले गेले आहे. लोकगायकांचे काय झाले, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही.

पोवाडा ही कथा आहे. शाहीर ती सांगतो, थांबतो, गद्यात उलगडतो, पुन्हा चौकात येतो. मागे झीलकरी सूर उचलून धरतात. हा सगळा पसारा तीन मिनिटांत बसवायचा म्हणजे गद्य काढा, प्रश्नोत्तरे काढा, झील कमी करा, एक धृपद आणि दोन-तीन कडवी ठेवा. साचा असा ठरला आणि पुढे साचा मोठा झाला तरी सवय राहिली. १९४८ मध्ये लाँग प्ले तबकडी आली, तिच्या एका बाजूवर वीस-पंचवीस मिनिटे मावू लागली. १९६३ मध्ये फिलिप्सने कॅसेट आणली. १९८०च्या दशकात भारतात कॅसेट स्वस्त झाली आणि खेड्यापाड्यात पोचली. प्रल्हाद शिंदे यांच्यासारखा लोकांच्या गळ्यातला आवाज त्या कॅसेटने एसटी स्टँडवरच्या हॉटेलापासून लग्नाच्या मांडवापर्यंत नेला. हे कॅसेटचे मोठेच उपकार. पण ती गाणीसुद्धा बहुतेक स्टुडिओत, समोर श्रोता नसताना गायलेली. मांडवातल्या माणसांसाठीचे गाणे मांडवात ऐकू आले खरे, पण ते जन्मले होते बंद खोलीत.

आकाशवाणीचेही असेच. नांदेडला १९९१ मध्ये आकाशवाणी केंद्र सुरू झाले आणि या भागातल्या कलावंतांना आपला आवाज हवेत सोडण्याची सोय घराजवळ झाली. आकाशवाणीने लोकसंगीताला जो मान दिला तो दुसऱ्या कोणी क्वचितच दिला असेल. परंतु रेडिओलाही वेळापत्रक असते. तांबडा दिवा लागला की गायचे, विझला की थांबायचे. रात्रभर आख्यान लावणाऱ्या माणसाला दहा-पंधरा मिनिटांत आटपायला सांगणे म्हणजे पाटाच्या पाण्याला तांब्यात उभे राहायला सांगणे.

समोरच्यांचा वाटा

गोंधळाचेच उदाहरण पुढे नेऊ. गोंधळ्यांमध्ये रेणुराई आणि कदमराई असे दोन प्रकार सांगतात. रेणुराई माहूरच्या रेणुकेचे उपासक, कदमराई तुळजापूरच्या भवानीचे. माहूर नांदेड जिल्ह्यात, आणि तुळजापूर लातूरच्या शेजारी धाराशिव जिल्ह्यात. म्हणजे नांदेड-लातूरचा मुलूख या दोन देवींच्या मधला. गोंधळ घालताना गोंधळी देवदेवतांना बोलावतो. ही यादी सगळीकडे सारखी नसते. मोठी पीठे तर येतातच, पण ज्या गावात गोंधळ आहे तिथले ग्रामदैवत येते, ज्या घरचा गोंधळ आहे त्यांचे कुलदैवत येते. आपल्या वेशीवरच्या देवाचे नाव गोंधळ्याच्या तोंडी आले की अंगणातला माणूस सावरून बसतो. छापील संहितेत हे येत नाही, स्टुडिओतल्या फितीतही येत नाही. कारण स्टुडिओला ग्रामदैवत नसते.

पूर्वरंग संपून उत्तररंगात आख्यान लागले की श्रोत्यांचा वाटा आणखी वाढतो. मुख्य गोंधळी कथा सांगतो आणि साथीदार त्याला अडवतो, भलते अर्थ काढतो, गावातल्या ताज्या गोष्टी मध्ये आणतो. लोक हसले तर ते प्रकरण लांबते. लोक गप्प राहिले तर गोंधळी कथेवर येतो. लोकांचे डोळे पाणावले तर तो तीच ओळ पुन्हा घेतो, चढ्या सुरात घेतो. कोणती ओळ दोनदा घ्यायची, हे ठरवणारा संपादक समोर बसलेला असतो.

‘जांभूळ आख्यान’ हे याचे फार मोठे उदाहरण. कर्णाला पाहून द्रौपदीच्या मनात आलेला विचार आणि एका जांभळाच्या निमित्ताने झालेली त्याची कबुली, अशी ही कथा. व्यासांच्या महाभारतात ती सापडत नाही; ती लोकांच्या महाभारतात आहे. परभणीच्या राजाराम कदम गोंधळींचे नाव या आख्यानाशी आदराने जोडले जाते. पुढे शाहीर विठ्ठल उमपांनी ते रंगमंचावर आणले आणि शहरातल्या नाट्यगृहांत बसणाऱ्यांनाही त्याची गोडी लावली. पाच पती असलेल्या स्त्रीच्या मनात सहाव्याचा विचार आला, ही गोष्ट भरल्या सभेत सांगायची आणि सभेने द्रौपदीला नावे न ठेवता तिच्यासाठी हळवे व्हायचे, हे नुसत्या शब्दांनी साधत नाही. सभेची नाडी बोटाखाली असावी लागते. कुठे हसवायचे, कुठे एकदम संबळ थांबवायचे, कुठे आवाज अगदी खाली आणायचा, याची जाण असलेल्यालाच ते जमते. अंगणात आणि प्रेक्षागृहात हे आख्यान ऐकलेल्या माणसाला संहिता वाचायला दिली तर तो म्हणेल, ‘सगळे आहे, पण ते नाही.’

मुंबईत १९३१ साली जन्मलेले उमप २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर कार्यक्रम सुरू असतानाच कोसळले आणि गेले. लोकांसमोर उभे राहूनच त्यांनी जगाचा निरोप घेतला, याचे अनेकांना आश्चर्य वाटले. खरे तर अशा माणसाचे घरच ते असते.

कार्नेगी हॉलमधली सभा

समोरच्या माणसांसकट गाणे कसे टिपावे, याचा एक नमुना परदेशात सापडतो. ८ जून १९६३ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये पीट सीगर या अमेरिकन लोकगायकाची मैफल झाली. हातात बँजो आणि समोर खच्चून भरलेले सभागृह. काळ्या नागरिकांच्या हक्कांची चळवळ तेव्हा भर रस्त्यावर होती. चळवळीत गायली जाणारी गाणी सीगरने त्या रात्री गायली. नुसती गायली नाहीत, लोकांकडून गाऊन घेतली. पुढची ओळ तो आधी बोलून सांगे आणि मग सगळे सभागृह ती उचले. त्या मैफलीची तबकडी निघाली. तिचे नाव ज्या गाण्यावरून ठेवले ते गाणे ‘हम होंगे कामयाब’ या हिंदी रूपात आपल्याकडच्या शाळाशाळांतून पोरे म्हणत आली आहेत.

या तबकडीची एक गोष्ट आपण ध्यानात घेण्यासारखी आहे. त्या रात्री सीगर चाळीसच्या घरात गाणी गायला होता. १९६३ च्या तबकडीवर त्यांतली जेमतेम एक तृतीयांश मावली. पण मूळ फीत कोणी पुसली नाही, कापून फेकली नाही. २६ वर्षांनी, १९८९ मध्ये, ती सगळी मैफल दोन सीडींवर पुन्हा बाहेर आली. ज्या गाण्यांना बाजाराने जागा दिली नव्हती तीही ऐकायला मिळाली, मधले बोलणेही मिळाले, सभागृहाचा श्वासही मिळाला. बाजारात काय जाईल हे बाजार ठरवो. मूळ फीत मात्र पूर्ण घेतली पाहिजे आणि पूर्ण ठेवली पाहिजे.

आपल्यालाही अशा तबकड्या नवीन नाहीत. लता मंगेशकरांच्या १९७४ मधल्या लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधल्या कार्यक्रमाच्या तबकड्या कितीतरी घरांत होत्या. ओळखीच्या गाण्याचे पहिले सूर वाजताच उठणारी टाळ्यांची लाट ऐकायला लोक त्या लावत. शास्त्रीय मैफलींच्या खासगी फिती रसिकांनी जिवापाड जपल्या. लोककलावंताच्या वाट्याला हे भाग्य क्वचित आले. त्याचे गाणे सहज मिळते म्हणून ते जपायचे असते, हेच आपल्याला सुचले नाही.

वामनदादांच्या वाटेवर

मराठवाड्यातल्या जाहीर गाण्याचा विचार वामनदादा कर्डकांशिवाय होऊच शकत नाही. जन्म नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा, १९२२ चा. लिहिता-वाचता ते मोठेपणी, मुंबईत शिकले. कोणीतरी वाचायला दिलेले पत्र आपल्याला वाचता येत नाही, याची लाज त्यांना इतकी लागली की त्यांनी अक्षरे गिरवायला घेतली. पहिले गीत त्यांनी ३ मे १९४३ रोजी रचले. तिथून २००४ मध्ये डोळे मिटेपर्यंत ते गात फिरले. बाबासाहेबांचा विचार त्यांनी वस्तीवस्तीत, कधी कंदिलाच्या उजेडात, कधी भाड्याच्या कर्ण्यावर पोचवला. १९९३ मध्ये वर्ध्याला भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हा ज्याला एके काळी पत्र वाचता येत नव्हते त्याचा केवढा मोठा प्रवास पुरा झाला होता!

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा लढा सोळा वर्षे चालला. नांदेड जिल्ह्याने त्यात रक्त दिले, घरे जळताना पाहिली. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. या सगळ्या काळात मराठवाड्याच्या गावोगावी जी सभा भरे तिची सुरुवात भाषणाने होत नसे, गाण्याने होई. भाषण ऐकायला माणसे जमवण्याचे काम गाणे करी आणि भाषण विसरल्यावर ते लक्षात ठेवण्याचे कामही गाणेच करी. वामनदादांचे आणि त्यांच्या परंपरेतल्या गायकांचे शब्द आज छापील संग्रहांत मिळतात. अनेक गायकांच्या कॅसेटींमधून चालीही मिळतात. पण एखाद्या वस्तीत, तणावाच्या दिवसांत, मागे पोलिसांची गाडी उभी असताना ते गाणे कसे म्हटले गेले, कोणत्या ओळीवर बायका उठून उभ्या राहिल्या, हे कागदावर येत नाही. ते फितीवरच येऊ शकते. अशी एखादी फीत जुन्या घरात, पत्र्याच्या पेटीत, बुरशी धरून पडलेली असेल तर ती इतिहासाचे कागदपत्र आहे असेच समजले पाहिजे.

ताडकळसची ओवी

असे काम कोणी केलेच नाही, असे मात्र नाही. ते आपल्या अगदी शेजारी झाले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या दोघांनी १९८०च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. आधी त्या कागदावर उतरल्या. पुढे बर्नार्ड बेल हे संगीताचे आणि संगणकाचे अभ्यासक त्यांना येऊन मिळाले आणि १९९०च्या दशकात बायकांचे आवाजही ध्वनिमुद्रित झाले. शंभराहून अधिक तासांचा हा ठेवा ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने २०१७ पासून लोकांसाठी खुला केला. इंटरनेट असलेल्या कोणालाही तो घरबसल्या ऐकता येतो.

त्यात एक आवाज आहे परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा. ताडकळस नांदेडहून फार दूर नाही. १९९६ मध्ये त्यांचे गाणे टिपले गेले. बऱ्या शेतकरी घरातली ही बाई. कुष्ठरोग झाला आणि घरच्यांनी दूर केले. गावातल्या देवळाच्या आश्रयाने त्यांनी पुढचे आयुष्य काढले. त्या गातात ती सीतेच्या वनवासाची गाणी. सीतेला रानात सोडून दिल्याची कथा हजारो जणींनी जात्यावर गायली असेल. पण ज्या बाईला घराने सोडले आहे तिच्या गळ्यातून ती ऐकणे ही निराळी गोष्ट आहे. इथे समोर मोठी सभा नाही, टाळ्या नाहीत. तरीही हे खऱ्या अर्थाने जागच्या जागी टिपलेले गाणे आहे. तिला शहरात नेऊन, वाद्यमेळ लावून, सूर घासूनपुसून ते गाऊन घेतले असते तर कदाचित ते जास्त गोड लागले असते. आणि सीता मात्र त्यातून निघून गेली असती.

गंगूबाई आज नाहीत, त्यांचा आवाज आहे. विजेची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले आणि जात्याबरोबर ओवीही मागे पडली. बाईचे कष्ट वाचले, याबद्दल कोणाच्याही मनात खंत असता कामा नये. पण पहाटेच्या अंधारात स्वतःशी मन मोकळे करण्याची तिची एक जागाही गेली. ज्यांनी वेळेवर टेपरेकॉर्डर नेला त्यांच्यामुळे ती जागा निदान ऐकू तरी येते.

गाव हलले की गाणे हलते

लातूरकरांना जागेचे मोल वेगळे सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारला काही मिनिटे कमी असताना, किल्लारी आणि आसपासचा प्रदेश हादरला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून, टाळ-मृदंग आणि लेझीम ठेवून माणसे निजली होती. दगडामातीच्या जाड भिंती त्यांच्या अंगावर आल्या. जवळजवळ दहा हजार माणसे गेली. पुढे लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली पन्नासवर गावे नव्या जागी वसवली गेली.

नवी घरे मजबूत झाली, रस्ते सरळ आणि रुंद झाले. हे व्हायलाच हवे होते. पण जुन्या गावात मारुतीच्या देवळासमोर पार होता, बोळ जिथे मिळत तिथे ओटा होता, वाड्याचे अंगण होते. भजनाला कुठे बसायचे, भारुड कुठे उभे राहणार, बायका कुठून ऐकणार, हे पिढ्यांनी ठरलेले होते. लोकांचे गाणे हवेत नसते. त्याला बसायला जागा लागते आणि ऐकायला ओळखीची माणसे लागतात. एका रात्रीत गाणारेही गेले, ऐकणारेही गेले आणि पारही गेला. भूकंपाच्या आधी त्या गावांतली भजने, गोंधळ, ओव्या कोणी टिपून ठेवल्या असत्या, तर आज त्या फितीतून एका गावाचा आवाज ऐकू आला असता. अशी संधी कधी हातची जाईल हे कोणालाच सांगता येत नाही, म्हणून तर ती आजच घ्यायची.

अजून जागा आहेत. मार्गशीर्ष वद्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची जत्रा भरते. घोडे, गाढवे, उंट यांच्या बाजाराबरोबर तिथे वाघ्या-मुरळी येतात, पारंपरिक लोककलेचे आणि लावणीचे कार्यक्रम होतात. नांदेड जिल्ह्यातल्या बंजारा तांड्यांत होळीला लेंगी गायली जाते. किनवट-माहूरच्या डोंगरपट्ट्यात गोंड आणि कोलामांची गाणी आहेत. हे सगळे अजून माणसांसमोर, माणसांसाठी चालते.

फीत कोणाची?

एक प्रश्न मात्र आधी सोडवला पाहिजे. गाणे टिपले, ते कोणाचे? आजवरचा अनुभव असा की टिपणाऱ्याचे नाव होते आणि गाणाऱ्याच्या नावापुढे ‘पारंपरिक’ एवढेच लिहिले जाते. चाल परंपरेची असेल, पण त्या रात्री ज्याने आपला गळा ताणला त्याचा गळा परंपरेचा नाही, त्याचा स्वतःचा आहे. आपल्या कायद्यानेही हे मानले आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ मध्ये दुरुस्ती झाली आणि सादर करणाऱ्या कलावंताला स्वतंत्र हक्क मिळाला. त्याच्या संमतीवाचून त्याचे सादरीकरण टिपून त्याचा धंदा करता येत नाही. हा हक्क ५० वर्षे टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीने त्यात आणखी भर घातली. आपले नाव लावले जावे आणि आपल्या गाण्याची मोडतोड होऊ नये, असा आग्रह धरण्याचा अधिकार कलावंताला मिळाला. खासगी वापरासाठी किंवा प्रामाणिक अभ्यासासाठी टिपायला कायदा आडवा येत नाही, पण म्हणून विचारायचे नाही असे नव्हे. म्हाताऱ्या वाघ्याला ‘बाबा, हे टिपून घेऊ का?’ असे विचारायला काय लागते?

आणि टिपलेले परत द्यायलाही हवे. राज्य सरकार वृद्ध कलावंतांना मानधन देते. त्यासाठी अर्ज करताना आपण कलावंत आहोत याचे पुरावे जोडावे लागतात. ज्याने आयुष्यभर अंगणात गायले त्याच्याकडे ना छापील पत्रिका असते, ना प्रशस्तिपत्र. तारीख, गाव आणि नाव सांगणारे एक चांगले ध्वनिमुद्रण त्याच्या हाती असेल तर तो रिकाम्या हाताने कचेरीत जाणार नाही. गाणे जपणे आणि गाणारा जपणे ही दोन वेगळी कामे नव्हेत.

घरच्या घरी काय करता येईल?

पूर्वी यासाठी जड टेपरेकॉर्डर आणि माहीतगार माणूस लागे. आज प्रत्येक घरात मोबाइल आहे, आणि त्यातले ध्वनिमुद्रण एके काळच्या घरगुती टेपपेक्षा चांगले असते. तरी थोडी रीत पाळावी. सुरुवातीला गावाचे नाव, तारीख, गाणाऱ्यांची आणि साथीदारांची पूर्ण नावे मोठ्याने बोलून घ्यावीत. फोन कर्ण्याजवळ ठेवू नये, आवाज फाटतो. संबळाच्या अगदी पुढ्यातही नको, कारण तो गळ्याला झाकून टाकतो. गाणाऱ्यापासून सात-आठ फुटांवर, घडी घातलेल्या जाड कापडावर ठेवला तर गाणारा, झील आणि समोरचे लोक सगळे येतात. येणारे फोन बंद करावेत. आणि मुख्य म्हणजे गाणे संपले म्हणून मुद्रण थांबवू नये. दोन गाण्यांच्या मधले बोलणे, थट्टा, कोणी केलेली फर्माईश हेच तर हवे असते. दुसऱ्या दिवशी त्याच्या दोन प्रती करून दोन ठिकाणी ठेवाव्यात, आणि एक गाणाऱ्याच्या घरी पोचवावी.

हे घरचे काम झाले. मोठे काम संस्थांचे आहे. लोकसंगीताच्या फितींचा अभ्यासपूर्ण संग्रह करणारे केंद्र ‘अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज’ने १९८२ मध्ये सुरू केले ते आपल्या पुण्यात. पुढे ते दिल्लीकडे गेले. नांदेडला १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे विद्यापीठ आहे, लातूरला त्याचे उपकेंद्र आहे. प्रभाकर मांडे यांच्यासारख्या अभ्यासकाने मराठवाड्यात बसून लोकसाहित्याचा डोंगर उपसला आणि कागदावरचे काम केवढे होऊ शकते ते दाखवून दिले. आता आवाजाचे काम व्हावे. गावोगावच्या पेट्यांतल्या कॅसेटी विरण्याआधी गोळा कराव्यात, त्या संगणकावर उतरवाव्यात, आणि ज्याची फीत त्याच्या नावाने ठेवाव्यात. फितीवरचे चुंबकीय लेपण ओलाव्याने सुटते आणि एकदा सुटले की कोणताही तंत्रज्ञ ते परत आणू शकत नाही.

लोकगायकाला शेवटी काय हवे असते? मानधन हवे, मान हवा, यात शंका नाही. पण मैफल रंगली की तो एकच गोष्ट शोधत असतो, त्याची ओळ उचलून धरणारा आवाज. मागचे झीलकरी तर ते करतातच, समोरचा जमावही करतो. उद्याच्या पिढीला ते अंगण, तो पार, ती जत्रा कदाचित मिळणार नाही. पण पूर्ण रात्रीची एखादी फीत मिळाली तर गाणे कसे गायले गेले हे तिला कळेल, आणि ते कसे ऐकले गेले हेही कळेल. ऐकायचे कसे हे ज्यांना कळते त्यांच्यातूनच पुढे एखादा गाणारा निघतो.